बापू, काळी की निळी?

बापू, गेल्या रविवारी तुझ्या दोन्ही गाड्या मी शिंप्याच्या टेपनं मोजल्या. तुझ्या अंगणात दोघींना शेजारी शेजारी उभं करवलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत, या दारापासून त्या दारापर्यंत सगळं वहीत उतरवलं. वहिनी ओसरीवरून बघत होत्या. मास्तरचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. तुला मात्र काही नवल वाटलं नसतं. "मोज लेका, मोज," म्हणाला असतास, "मोजल्याबिगर तुले जेवन कुठं पचते!"

तुला जाऊन तीन महिने होत आले. दोन दोन गाड्या सांभाळणं वहिनींना जमण्यासारखं नाही, म्हणून एक काढायची ठरली. खामगावचा एक माणूस म्हणाला, जी द्याल ती नेतो. तेव्हा वहिनींनी मला बोलावून विचारलं, "भाऊजी, कोनती ठेवू? तुमी दोघं रोज भांडत होते त्याच्यावर, तुमालेच ठाऊक असंन." आता त्यांना काय सांगायचं? आपल्या भांडणाचा निकाल लागायच्या आत तूच उठून गेलास. एवढा वकील माणूस, पुढची तारीखसुद्धा घेतली नाहीस.

मला आणखी एक गोष्ट शोधायची होती. ती वहिनींना सांगितली नाही. तू गेलास तेव्हा माझ्यावर रागावलेला होतास का? आपण शेवटचं भांडलो ते गाडीवरून, त्यामुळे याचं उत्तर मिळालं तर गाड्यांपाशीच मिळेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. वेड्यासारखंच, पण घेतलं होतं.

काळी आली तेव्हा आपण अजून द्वैभाषिक मुंबई राज्यात होतो. निळीचा नंबर लागला तोवर महाराष्ट्र चांगला शाळेत जाण्याएवढा झाला होता. मधली सगळी वर्षं तू वाट बघितलीस. काळीची पाठ गोल, नाक आखूड, दिवे डोळे वटारल्यासारखे. मुंबईपासून बुलढाण्यापर्यंत सगळे या गाडीला 'डुक्कर' म्हणायचे आणि तू चिडायचास. "डुक्कर म्हननाऱ्याले मी गाडीत घेत नाई," असा तुझा कायदा होता. मी रोज म्हणायचो आणि रोज बसायचो.

निळी त्याच कारखान्यातली, तिचं इंजिनही जवळपास तेच, पण अंगावरचे कपडे सगळे बदललेले. छप्पर सपाट, बाजू सरळ, मागे दोन छोटे पंख, काचा मोठ्या, कमरेला चकचकीत पट्टी. मी पडलो चित्रकला मास्तर. ती अंगणात आली त्याच दिवशी एका कागदावर दोघींची चित्रं काढली आणि तुला दाखवली. म्हटलं, "पाह्य, काळी कंपासनं काढा लागते अन् निळी पट्टीनं. एवढाच फरक हाये, पन किती मोठा हाये!" तू कागद उलटासुलटा केलास आणि म्हणालास, "पट्टीनं काढलेल्या गाडीत मानसानं बसाचं का फाइलीनं?"

तिथून सुरू झालं ते दीड वर्ष चाललं. मी निळीचा वकील, तू काळीचा. मी म्हणायचो, नव्या काचांतून रस्ता जास्त दिसतो. तू म्हणायचास, एवढ्या काचा कायले, लोकाइले आपन दिसाव म्हून? मी म्हणायचो, मागच्या डिकीत दोन पोती जास्त मावतील. तू म्हणायचास, पोते न्याले बैलबंडी हाये घरी. मला खरी गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटायची. इतकी वर्षं वाट बघून आणलेली गाडी तू कापड टाकून उभी ठेवायचास आणि दर रविवारी धामणगाव बढ्याच्या शेतावर जायला काळीच काढायचास. कारण विचारलं की दर महिन्याला नवीन. इंजिन मोकळं होऊ दे. उन्हानं रंग उडते. टायर नवे हायेत, रस्ता खराब हाये. मी शेजारी बसून हसायचो आणि मनात म्हणायचो, हा माणूस म्हातारा झाला.

पोळा झाला त्या आठवड्यातली गोष्ट. बाहेरगावच्या एका न्यायाधीशांना तू मलकापूर स्टेशनवर सोडायला निघालास, आणि निळीतून निघालास. शाळेच्या फाटकातून मी पाहिलं. काच खाली, साहेब पुढे बसलेले, तू सुकाणूवर ताठ. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. संध्याकाळी कोर्टासमोरच्या हॉटेलात तू दिसलास तसा चार माणसांदेखत मी सुरू झालो. "चांगली गाडी साहेबाइले अन् जुना डबा दोस्ताले. काऊन बे? मी त्या डुकराच्याच लायकीचा हाये का? कद्रू मानूस तू! गाडी काय पूजेले घेतली?"

तू कपबशी खाली ठेवलीस. इतक्या मोठ्या तोंडाचा तू, एवढंच म्हणालास, "चाल, घरी सोडतो." बाहेर काळी उभी होती. मी बसलो नाही, चालत घरी गेलो.

त्यानंतर आपण भेटलो. कपाशीवर बोललो, पाऊस लांबला त्यावर बोललो, तुझ्या पुतण्याच्या परीक्षेवर बोललो. धामणगावला काही पुन्हा गेलो नाही, कधी तुझं कोर्टाचं काम निघालं, कधी मी शाळेचं काढलं. माफी मागायची मनात होती, पण म्हटलं दिवाळीला फराळाला बसू तेव्हा बघू. दिवाळीच्या आठवडाभर आधी तू कोर्टाच्या व्हरांड्यात छातीला हात लावून खाली बसलास, ते उठलाच नाहीस.

तर गेल्या रविवारी मोजणी झाल्यावर मी रशीद मिस्त्रीला बोलावलं. या दोघींच्या अंगात हात घालणारा माणूस तोच. मला गाडी चालवता येत नाही, का ते पुढे सांगतो. त्याला म्हटलं, आधी काळी राजूर घाटातून खाली ने आणि वर आण, मग निळी. मी शेजारी वही आणि घड्याळ घेऊन बसलो. रशीदला वाटलं असेल, मास्तरला गाडी विकत घ्यायची आहे.

काळी घाट चढताना जी कण्हते, ती मला पाठच आहे. दुसऱ्या गिअरमध्ये तिचा आवाज भरून येतो, बाजूची माकडं रस्ता सोडतात. थंडीचे दिवस म्हणून एका दमात वर आली. "मे महिन्यात पाह्यजा," रशीद म्हणाला, "इंजिनातल्या पेट्रोल पंपावर वल्लं फडकं बांधल्याबिगर चढतच नाई ते." मला नाही का ठाऊक! भर उन्हात बोनेट उघडून सुरईतलं पाणी फडक्यावर ओतणारा तू आणि दगडावर बसून तुझी टिंगल करणारा मी. एकदा तर सुरईतलं सगळं पाणी तू गाडीला पाजलंस आणि घरापर्यंत आपण दोघे तहानलेले आलो. तेव्हा मी तुला किती शिव्या दिल्या! आज ते पाणी फुकट गेलं असं वाटत नाही.

निळी मात्र चढली ती अशी, की मी घड्याळ बघायचंच विसरलो. आवाज कमी, पुढच्या तिकोनी काचेतून वारा सरळ तोंडावर, आणि मागच्या काचेत खाली मोताळ्याकडचा सगळा मुलूख पसरलेला. काळीच्या मागच्या काचेतून आजवर मला फक्त धूळ दिसली होती. वर येऊन मी वही उघडली आणि रकाने भरले. चढ, आवाज, जागा, काच, डिकी, सगळीकडे निळी. बापू, तू दीड वर्ष हरलेला खटला लढवत होतास, आणि तू काही असा वकील नव्हतास. हरणारा खटला तू पहिल्याच भेटीत परत करायचास. मग हाच का धरून ठेवलास?

एक रकाना उरला होता, पुढच्या दाराचा. काळीचं पुढचं दार उलटं उघडतं. बिजागरी मधल्या खांबाला आणि कडी पुढे. निळीचं सगळ्या जगासारखं, बिजागरी पुढे. हे का बदललं असेल, मी रशीदला विचारलं. तो म्हणाला, "चालत्या गाडीत कडी निसटली तं वारा हे जुनं दार पार उपटून टाकते, मास्तर. नव्याचं वाराच लावून घेते." मला हे फार आवडलं. काय साधी अक्कल आहे! म्हटलं, हाही रकाना निळीला. आणि लिहायला पेन टेकवलं तिथेच थांबलो.

बापू, इतका वेळ मी एक गोष्ट टाळली. आपण अकरा वर्षांचे असताना भरल्या बंडीचं चाक माझ्या डाव्या पायावरून गेलं, तेव्हापासून तो गुडघा वाकत नाही. एवढं एक वाक्य लिहिताना मी तीनदा उठलो. मला माझ्या पायाचं नाव कुणी घेतलेलं खपत नाही. हेडमास्तरांनी एकदा माझ्यासाठी वर्गात वेगळी खुर्ची पाठवली, ती मी शिपायाबरोबर परत पाठवली आणि वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही. तू हे सगळं बघितलंस. आणि इतक्या वर्षांत तू त्या पायाचं नाव एकदाही घेतलं नाहीस.

काळीत बसताना मी गाडीकडे पाठ करतो, सीटवर टेकतो, आणि मग पाय उचलून आत घेतो. समोर दार नसतंच, सगळं मोकळं. डावीकडची सीटही वेगळी, ती तू कायमची मागे सरकवून ठेवली होतीस. निळीत ते होत नाही. मला तो पहिला दिवस आठवला. वहिनींनी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि तू म्हणालास, "मास्तर, पयले तू बस." दार समोर पहारेकऱ्यासारखं उभं. पाय दार आणि सीटच्या मध्ये अडकला, तो मी हातानं तिरका करून ओढून घेतला, आत गुडघा डॅशबोर्डला दाबून बसला. मी दात काढून म्हटलं, "फस्क्लास!" तू सुकाणूच्या बाजूनं बघत होतास. पुढच्या रविवारी काळी निघाली.

म्हणजे तुला उत्तर देताच येत नव्हतं, बापू. उत्तर द्यायचं तर पायाचं नाव घ्यावं लागलं असतं, तेही चार माणसांत. मी तुला कद्रू म्हणालो आणि तू कपबशी खाली ठेवलीस. घाटाच्या माथ्यावर, दिवसाढवळ्या, मी रशीदसमोर रडलो. तो बिचारा बोनेट उघडून उगाच आत काहीतरी बघत राहिला.

डोळे पुसले आणि एकाएकी ध्यानात आलं, की आज निळीत माझा पाय दुखला नाही. मी पुन्हा जाऊन बसलो. दाराशी थोडी ओढाताण झाली, पण आत गेल्यावर पाय सरळ लांब झाला. निळीची पुढची सीट म्हणजे अख्खं बाकडं, सरकवलं तर दोन्हीकडचं सरकणार. ते पार मागे नेलेलं होतं. खाली बघितलं तर पत्र्याला नवी भोकं पाडून त्याहीपेक्षा चार बोटं मागे घेतलेलं. आणि सुकाणूखाली तिन्ही पेडलांवर सागवानी ठोकळे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेले. येताना रशीद कुरकुरत होता, गुडघे सुकाणूले लागून राह्यले म्हणून. मी वहीच्या नादात लक्षच दिलं नव्हतं.

"हे कोनं केलं?" मी विचारलं.

"म्याच केलं न. बापूसाबनं करून घेतलं. पयले तं म्हने, दारच उलटं बसवून दे! म्या म्हनलं, साब, कंपनीनं मोठ्या मुश्कीलनं सुलटं केलं, तुमी उलटं करता? मंग सीट मांगं घेतली. तं साबचे पाय पेडलले पुरेत ना." तो हसला. तू केवढासा होतास ते साऱ्या बुलढाण्याला ठाऊक. "मंग हे ठोकळे. दोन डाव घासून नेले. क्लचचा जाड झाला म्हने."

"कधीची गोष्ट?"

"पोळा झाला न, त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात. म्या इचारलं, काळी हाये न साब, कायले एवढी झंझट? तं म्हने, माह्या दोस्ताले नव्या गाडीत बसाचं हाये." रशीदनं माझ्या पायाकडे बघायचं टाळलं. "याच्यावर काई बोलले नाई. मले समजलं."

तू रागावला होतास का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं मिळालं. रागावला असशीलच. मी बोललो ते कुणालाही लागलं असतं. तू राग घेऊन गॅरेजात गेलास आणि ठोकळे घासून घेत बसलास. कोर्टात रोज दुसऱ्यांची भांडणं भांडणारा माणूस स्वतःचं भांडण असं भांडतो, हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. ठोकळे बसले, आणि आपला एक रविवार तेवढा राहून गेला.

घरी आलो तेव्हा ठरवलं होतं, वहिनींना सगळं सांगायचं. त्या चहा घेऊन अंगणात आल्या, निळीचं दार उघडं होतं, त्यांनी आत वाकून त्या ठोकळ्यांवरून हात फिरवला. म्हणाल्या, "माह्यासाठी केले त्याइनं. मले गाडी शिकवून राह्यले होते न. दसऱ्यानंतर माळावर चारदा नेलं." वहिनीही तुझ्याच उंचीच्या. त्यांचा चेहरा तीन महिन्यांत पहिल्यांदा असा उजळलेला दिसला. मी मोजणी करणारा माणूस, मला दिसत होतं की त्यांच्यासाठी केलं असतं तर सीट पुढे घेतली असतीस, ठोकळ्यांची गरजच नव्हती. पण तुझं इतकं सगळं मी आयुष्यभर घेतलं, आता हे एवढं वहिनींजवळ राहू दे, असं वाटलं. चहा पिऊन म्हटलं, "निळी ठेवा." बापू, निकाल हा असा लागला. खर्चासह तुझ्याविरुद्ध.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग पुढच्या रविवारी धामणगावले जाऊ. मी चालवतो. रशीदनं महिनाभर पक्कं करून घेतलं माह्यं." घाट, वहिनी, आणि मी! पण नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

काळी गुरुवारी गेली. मी शाळेतच थांबलो, बघायला आलो नाही.

आज सकाळी आम्ही निघालो. वहिनींनी पाठीशी एक जाड उशी घेतली होती, पदर खोचला होता, आणि ओठ असे घट्ट आवळले होते की मी बोलायची हिंमत केली नाही. राजूरच्या फाट्यावर पानठेल्यावरचे सगळे उठून उभे राहिले. कुणी म्हणालं, "पाहा बे, वकिलीनबाई!" आणि कुणी काय काय म्हणालं असेल. तीन महिन्यांची विधवा बाई सुकाणूवर, हे गावाला पचायला वेळ लागेल. वहिनींनी हॉर्न दिला आणि रस्त्यातली शेळी बाजूला केली. शेतात तुरीच्या शेंगा भरल्यात. तुझ्या विहिरीवरचं कडुनिंबाचं झाड कापू नका, असं मी गड्याला बजावलं. तू त्यावरही माझ्याशी भांडत होतास, पण आता मीच जिंकणार.

येताना घाट चढायला लागलो. तिसऱ्या वळणावर वहिनींनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "भाऊजी, पाय बराबर राह्यते न?"

माझा हात गुडघ्यावर गेला.

"सीट म्या मांगंच ठेवली. रशीद म्हने, तुमच्यासाठी पुढं घेऊन देतो, म्या म्हनलं, राहू दे. हे उशी म्याच शिवून देली होती त्याइले, पाठीले लावाले. तुमाले नव्या गाडीत न्याचं होतं न त्याइले. 'मास्तरले सांगजो नको,' म्हने, 'तो बसनार नाई मंग.'"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. गेल्या रविवारी अंगणात मी त्यांच्यासाठी गप्प बसलो, आणि त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या होत्या. माझ्या पायाचं नाव कुणीतरी माझ्यासमोर सरळ घेतलं होतं, आणि मला राग आला नाही. तू हे बघायला हवं होतंस. बापू, मला तुझी फार आठवण आली. निळीचा आवाज जड व्हायला लागला होता, वळण संपून पुढचा उभा चढ दिसत होता.

"हाव वहिनी," मी म्हणालो, "चांगला लांब होते. गेर बदला, चढ आला."